सहा बाजूंनी वेढलेलं रिकामं घर

पटावरच्या चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो. बुद्धिबळाचा घोडा अडीच घरं उडी मारतो, सोंगटी घर-घर पुढे सरकते. रान, नदी, डोंगर असे पत्ते एकमेकांना जोडत जायच्या खेळात हा शब्द दुहेरी अर्थाने बसतो, कारण तिथलं घर खरोखरच कुणाचं तरी राहायचं ठिकाण असतं. नियम दोन मिनिटांत सांगून होतात. हातात एक षटकोनी पत्ता (टाइल म्हणा हवं तर), त्याच्या सहा कडांवर जंगल, माळ, पाणी किंवा खडक. पत्ता फिरवायचा, आधीच्या एखाद्या पत्त्याला लागून ठेवायचा, कडा जुळल्या की गुण. खेळणाऱ्याची नजर मांडलेल्या पत्त्यांवर असते. ब्राउझरसाठी असा खेळ बनवणाऱ्याने मात्र पहिल्या दिवसापासून न भरलेल्या घरांकडे बघावं. खेळ तिथेच रंगतो आणि तिथेच फसतो.

समजा, भूभाग चार आहेत आणि कुठल्या कडेवर काय येईल हे निव्वळ नशिबावर सोडलं आहे. एकच शेजारी असलेल्या घरात नवा पत्ता कुठल्या ना कुठल्या बाजूने बसायची शक्यता ८२ टक्के असते. शेजारी दोन झाले की ती ३८ टक्क्यांच्या आत येते, तीन झाले की साडेनऊच्या आत, चार झाले की अडीचच्या आत. सहाही बाजूंनी वेढलेल्या घरासाठी ४,०९६ पैकी फार तर ६ शक्यता उरतात, म्हणजे जेमतेम ०.१५ टक्के. गड्डी ४८ पत्त्यांची असेल तर त्या घरात बसणारा पत्ता गड्डीत असण्याचा योग साधारण चौदा डावांत एकदा. तो वेळेवर हाती येईल का, हा आणखी पुढचा प्रश्न.

खेळणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, पण चार डावांत अंगवळणी पडतं. मग तो घरं वेढली जाऊच देत नाही. पत्ता आला की बाहेरच्या बाजूला, जिथे एकच शेजारी आहे तिथे चिकटवतो. पट फांद्या फुटल्यासारखा चहूकडे पसरतो, कुठेच दाट होत नाही, आणि दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. अशा वेळी बनवणारा बहुधा चित्रं आणखी सुंदर करायला घेतो, पाखरांचे आवाज घालतो. दुखणं गड्डीत असतं, मलम स्क्रीनला लावलं जातं.

गड्डीला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: कडा जुळल्याच पाहिजेत, की जुळल्या तर बरं? क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा २००० सालचा ‘कार्कासोन’ हा टेबलावरचा खेळ पहिल्या जातीचा. त्यात सुरुवातीच्या टाइलसह ७२ चौकोनी टाइल असतात आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट लागलाच पाहिजे. रँडी फ्लिन यांचा २०२१ चा ‘कॅस्केडिया’ दुसऱ्या जातीचा. तिथे डोंगराशेजारी दलदल ठेवली तरी कुणी अडवत नाही, फक्त सलग अधिवासाचे गुण तुटतात. ‘डोर्फरोमान्टिक’ या संगणकावरच्या खेळाने मधली वाट काढली आहे: नदी आणि रेल्वे तुटता कामा नये, बाकी शेत, जंगल, वस्ती कशीही ठेवा. तिन्ही वाटा चालतात, याला पुरावा म्हणजे जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार. ‘कार्कासोन’ला तो २००१ मध्ये मिळाला, ‘कॅस्केडिया’ला २०२२ मध्ये, आणि ‘डोर्फरोमान्टिक’च्या टेबलावरच्या आवृत्तीला २०२३ मध्ये.

ब्राउझरसाठी माझा कौल सैल नियमाला. कारण साधं आहे. टेबलावर चौघं बसलेले असतात आणि अडलेला पत्ता ही गंमत होते. कुणाचा तरी डाव फसला म्हणून बाकीचे हसतात. ब्राउझरमध्ये माणूस एकटा असतो. त्याला ‘इथे ठेवता येत नाही’ असा लाल शेरा दहा वेळा दिसला, की तो टॅब बंद करतो. शिवाय कडक नियमात ‘हातातला पत्ता कुठेच बसत नाही’ ही वेळ केव्हा ना केव्हा येतेच. तेव्हा काय करायचं, टाकून द्यायचा की गड्डीच्या तळाशी सारायचा, याचा वेगळा नियम लिहावा लागतो. तळाशी सारायचा नियम केला आणि शेवटचे तीनही पत्ते कुठेच न बसणारे निघाले, तर प्रोग्रॅम त्याच तीन पत्त्यांभोवती कायमचा फिरत राहतो. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारे डाव शेवटपर्यंत खेळत नाहीत.

कडा जुळवण्याचं वेड जुनं आहे. पर्सी मॅकमहॉन या गणितज्ञाने १९२१ मध्ये छापलेल्या कोड्यांत तीन रंगांचे चौकोन आहेत. फिरवून एकसारखे होणारे एकच धरले तर ते बरोबर २४ भरतात. षटकोनाला चार रंग दिले तर हाच आकडा ७०० होतो. हाओ वांग यांनी १९६१ मध्ये प्रश्न टाकला, की न फिरवता ठेवायच्या टाइलचा एखादा संच दिला तर त्याने अख्खं प्रतल भरेल की नाही हे ठरवणारी कृती असू शकते का. रॉबर्ट बर्गर यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की अशी सर्वांना लागू पडणारी कृती नाहीच. ‘इटर्निटी टू’ नावाचं २५६ तुकड्यांचं कोडं २००७ मध्ये वीस लाख डॉलरच्या बक्षिसासह आलं आणि ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. यातून खेळ बनवणाऱ्याने घ्यायचं ते एवढंच, की ‘सगळी घरं बिनचूक भरा’ हे ध्येय ठेवू नये. ते माणसालाही जमत नाही, यंत्रालाही नाही.

आता गड्डी. ७०० पैकी सगळे पत्ते घेतले तर प्रत्येक पत्ता अनोळखी वाटतो. त्याऐवजी एका पत्त्यावर फार तर दोनच भूभाग ठेवावेत, आणि तेही सलग: तीन-तीन कडा, किंवा दोन आणि चार. चार भूभागांच्या जोड्या ६. प्रत्येक जोडीचे तीन प्रकार (तीन-तीन, दोन-चार, चार-दोन), म्हणजे १८ प्रकार. त्यांच्या दोन-दोन प्रती केल्या की ३६ पत्ते झाले. त्यात सहाही कडांवर एकच भूभाग असलेले, प्रत्येकी ३ प्रमाणे १२ पत्ते मिसळले की ४८. एकूण २८८ कडा, आणि प्रत्येक भूभागाच्या वाट्याला नेमक्या ७२. एका चालीला पंधरा सेकंद धरले तर डाव बारा मिनिटांत संपतो. ब्राउझरमधल्या खेळाला एवढा अवधी पुरे.

या गड्डीने रिकाम्या घराचं रूपच पालटतं. घराभोवती तिसरा भूभाग आला, की ते घर आता बिनचूक भरणार नाही, हे नुसत्या नजरेने कळतं. जंगल-पाणी-जंगल-पाणी असं आलटून पालटून वेढलं गेलं तरी तेच, कारण गड्डीत सगळे भूभाग सलग आहेत. पाच बाजूंना माळ आणि एका बाजूला खडक असला तरी तेच. एक-पाचचा पत्ता नाहीच. पण तीन बाजूंना सलग जंगल आणि उरलेल्या तीन बाजूंना पाणी असेल, तर गड्डीत त्याचे नेमके दोन पत्ते आहेत. ते अजून यायचेत की खर्च झाले, हे आठवत बसण्यात डावाची खरी गंमत आहे. पत्त्यांच्या खेळात ‘हुकमाची राणी पडली का?’ असा जो हिशेब मनात चालतो, तोच इथे रानावनात चालतो. म्हणून उरलेल्या पत्त्यांची यादी एका बटणाआड ठेवावी, आणि प्रकारवार ठेवावी. नुसता ‘उरले १९’ हा आकडा कुणाच्या कामाचा नाही.

हातात एकच पत्ता दिला तर फक्त जागा निवडता येते, पाच दिले तर माणूस विचार करून थकतो. तीन बरे. ‘कॅस्केडिया’त टाइल आणि प्राण्याची सोंगटी अशा चार जोड्या उघड्या असतात, पण तिथे दुसरा खेळाडू त्यातली उचलून नेईल ही टांगती तलवार असते. एकट्याच्या खेळात ती नसते, त्यामुळे उघडे पत्ते कमी असलेले चालतात.

पत्ते पिसण्यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे क्रम लावणाऱ्या आज्ञेलाच ‘तुलना करताना नाणं उडव’ असं सांगणं. एका ओळीत काम होतं खरं, पण पत्ते सारखे पिसले जात नाहीत आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळ्या तऱ्हेने बिघडतात. दुसरी चूक अधिक साळसूद आहे: प्रत्येक पत्ता गड्डीतल्या कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल करणं. तीन पत्त्यांवर करून बघा. निवडीच्या वाटा २७ आणि शक्य क्रम ६. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच. बरोबर रीत फिशर आणि येट्स यांची, १९३८ ची. संगणकाला सोयीचं रूप तिला १९६४ मध्ये मिळालं. शेवटच्या पत्त्यापासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक पत्ता फक्त स्वतःशी किंवा अजून न हाताळलेल्यांपैकी एकाशी बदलायचा.

रोज सगळ्यांना एकच डाव द्यायचा असेल तर तारखेपासून बीज-संख्या (तीच दिली की आकड्यांची तीच मालिका निघते अशी संख्या) काढून तीवरून पत्ते पिसावे लागतात. जावास्क्रिप्टच्या अंगभूत यादृच्छिक आज्ञेला बीज देता येत नाही, म्हणून असे आकडे काढणारा छोटा वेगळा जनक लिहावा लागतो. तारीख जागतिक प्रमाणवेळेची घ्यावी, नाहीतर दोन देशांतले मित्र वेगवेगळा डाव खेळून गुणांवरून भांडतील. जाता जाता एक मौज: ३२ बिटांच्या बीजातून ४,२९,४९,६७,२९६ डाव निघतात आणि तेरा वेगवेगळ्या पत्त्यांचे क्रमच ६,२२,७०,२०,८०० असतात. म्हणजे आपल्या गड्डीचे बहुतेक सगळे डाव कधी जन्मालाच येणार नाहीत. रोज एक डाव देणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

बिनचूक पिसलेली गड्डीही त्रास देते. सलग नऊ पत्त्यांत पाणीच नाही, असं खऱ्या नशिबात घडतं, आणि खेळणारा म्हणतो खेळ लबाड आहे. उपाय टेट्रिसवाल्यांचा. आधुनिक टेट्रिसमध्ये सातही आकार एका पिशवीत घालून पिसतात, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन फेऱ्यांमध्ये बारापेक्षा जास्त तुकडे जात नाहीत. आपल्या ४८ पत्त्यांचे बारा-बाराचे चार ढीग करावेत, प्रत्येकात नऊ जोडपत्ते आणि तीन एकरंगी, चारही भूभाग साधारण सारखे. प्रत्येक ढीग वेगळा पिसून एकावर एक ठेवावा.

निसर्ग या खेळात कुठे असतो? चित्रात असतोच, पण खरा तो गुणांच्या नियमांत यावा असं मला वाटतं. पानोपानी हिरवळ रंगवली आणि नियम मात्र ‘तीन सारखे जुळवा’ असाच राहिला, तर तिथे झाडांऐवजी बटणं ठेवली तरी फरक पडणार नाही. ‘कॅस्केडिया’तल्या गुणपत्रिका या बाबतीत नेटक्या आहेत. ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा खपत नाही. सॅमनला रांगेने जायचं असतं. कोल्ह्याला आसपास जितक्या वेगळ्या जाती असतील तितके गुण. प्राणी पाच, प्रत्येकाच्या चार-चार पत्रिका, म्हणजे १,०२४ संच, आणि तरी प्रत्येक नियम प्राण्याच्या स्वभावाला धरून लक्षात राहतो.

आपल्या चार भूभागांत सगळ्यात मोलाचा नियम जंगलाचा. जंगलाच्या कडेला ऊन, वारा, उष्णता आत शिरते. गाभ्यात राहणाऱ्या जीवांना ती कड मानवत नाही. याला कडेचा परिणाम म्हणतात, आणि षटकोनांत तो सहज मोजता येतो. सात घरांचं जंगल फुलासारखं गोळा केलं तर बाहेरच्या कडा १८ आणि मध्ये एक घर पूर्ण सुरक्षित. तीच सात घरं एका ओळीत लावली तर कडा ३० आणि गाभा शून्य. तेव्हा जंगलाचे गुण सहाही बाजूंनी जंगल लाभलेल्या गाभ्याला द्यावेत, आकाराला नकोत. पाण्याचं नेमकं उलट: तिथे सलग लांबीचे गुण. मग फुलासारखं जंगल आणि सापासारखी नदी एकाच पटावर जागेसाठी भांडतात. हे भांडण नसेल तर चारही भूभागांचा एकच डावपेच होतो.

समूहाला वाढते गुण देण्याचा मोह आवरावा. एकाला १, दोनला ३, तीनला ६, असं करत गेलं तर बारा पत्त्यांच्या एका समूहाला ७८ मिळतात आणि सहा-सहाच्या दोन समूहांना मिळून ४२. मग शहाणा खेळाडू पहिल्या चालीपासून एकच रान वाढवत बसतो. वाढ सातव्या पत्त्यावर थांबवावी. तिथे २८ गुण होतात, पुढच्या प्रत्येकाला एकच. ही मर्यादा योग्य आहे का हे दोन यंत्र-खेळाडूंकडून तपासावं. एकाने पत्ते डोळे मिटून ठेवायचे, दुसऱ्याने दर चालीला सगळ्यात जास्त गुण देणारी जागा निवडायची. दहा हजार डावांची सरासरी काढायला लॅपटॉपला फार वेळ लागत नाही. दोघांत अंतर नगण्य असेल तर खेळात कौशल्य नाही. हावरा यंत्र-खेळाडू चांगल्या माणसापेक्षा नेहमी पुढे असेल तर पुढचा विचार करून काही मिळत नाही, हा त्याहून वाईट दोष.

प्रोग्रॅमचं बोलायचं तर षटकोनांना ओळ-स्तंभाच्या साध्या तक्त्यात कोंबू नये. सम ओळीला एक नियम, विषम ओळीला दुसरा, आणि सगळीकडे चुका. तिरपे अक्ष घ्यावेत: प्रत्येक घराला स्तंभ आणि ओळ, आणि तिसरा आकडा असा की तिघांची बेरीज शून्य. दोन घरांतलं अंतर म्हणजे तिन्ही फरकांपैकी सगळ्यात मोठा. टोक वर असलेल्या षटकोनाचं स्क्रीनवरचं आडवं स्थान म्हणजे आकार × √३ × (स्तंभ + ओळ ÷ २), उभं म्हणजे आकार × ३/२ × ओळ (आकार म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर). बोट कुठल्या घरावर आहे हे उलट काढताना तिन्ही आकडे वेगवेगळे पूर्णांकात आणले की बेरीज कधीकधी शून्य राहत नाही. ज्याच्यात सगळ्यात जास्त फरक पडला तो आकडा उरलेल्या दोघांवरून पुन्हा काढायचा. ही पायरी गाळली तर घराच्या कोपऱ्यांजवळ पत्ता शेजारच्या घरात उडी मारतो.

कडांना शून्य ते पाच क्रमांक दिले की आपल्या कडेसमोरची शेजाऱ्याची कड म्हणजे अधिक तीन, सहाने भागून उरलेली बाकी. फिरवलेल्या पत्त्याची कड काढताना वजाबाकी येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे एकला सहाने भागल्यावर बाकी पाच येत नाही, उणे एकच येते. आधी सहा मिळवून मग भागावं. फिरण्याच्या चलचित्रात आणखी एक खोच आहे. कोन ३०० वरून परत शून्यावर आणला की पत्ता पुढे साठ अंश जाण्याऐवजी गर्रकन उलटा तीनशे अंश फिरतो. दाखवायचा कोन नेहमी वाढवत न्यावा, ३६०, ४२०, ४८०. बाकी काढायची ती फक्त नियमांसाठी.

चित्रकाराला आधीच सांगून ठेवावं, की पत्ता फिरणार आहे. जमिनीसोबत झाडंही फिरली तर ती आडवी पडतात आणि प्रत्येक सावली वेगळ्या दिशेला जाते. जमीन फिरवावी, झाडं, दगड, पाखरं वेगळ्या थरात सरळ उभी काढावीत. जंगल आणि माळ दोन्ही हिरवे, म्हणून स्क्रीन पूर्ण करडी करून बघावी: तिथेही चार भूभाग वेगळे ओळखू आले पाहिजेत. जंगल गडद आणि ठिपक्यांचं, माळ फिका आणि बारीक रेघांचा, पाण्याला लाटा, खडकाला भेगा. रंग ओळखण्यात अडचण असणारे लोक थोडे नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. पत्त्यांच्या सांध्यांत केसाएवढी फट दिसते ती कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेमुळे. प्रत्येक पत्ता अर्धा पिक्सेल मोठा काढला की ती बुजते.

फोनवर पत्ता ओढत नेताना बोटाखालीच पत्ता झाकला जातो. त्यापेक्षा घरावर टेकवा, तिथे फिकट पत्ता दिसेल; त्यावर पुन्हा टेकवलं की फिरेल; ठेवायचं बटण वेगळं. बसू शकणारी घरं उजळून दाखवावीत, पण सगळ्यात चांगलं घर दाखवू नये. चाल परत घ्यायची मुभा पुढचा पत्ता उघडेपर्यंतच ठेवावी. त्यानंतर दिली तर लोक गड्डी चोरून बघायला तिचाच उपयोग करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

डाव ब्राउझरमध्ये साठवताना पट साठवू नये. बीज-संख्या, नियमांचा आवृत्ती-क्रमांक आणि चालींची यादी एवढंच पुरतं: कुठला पत्ता, कुठलं घर, किती वेळा फिरवला. अठ्ठेचाळीस चाली हजारभर अक्षरांत मावतात. सफारी ब्राउझर सात दिवस न उघडलेल्या साइटचा असा साठा पुसून टाकतो, म्हणून दीर्घकाळचे विक्रम तिथे ठेवायचे असतील तर डाव अक्षरांच्या एका ओळीत बाहेर काढायची सोय द्यावी.

ही यादी हाताशी असली की डाव संपल्यावरचा पडदा बोलका करता येतो. गुणांचा आकडा कोपऱ्यात लहान ठेवावा आणि पट सरकवता येऊ द्यावा. मधे राहिलेल्या एखाद्या रिकाम्या घरावर टेकवलं, की त्याच्या सहा कडांना जुळणारा पत्ता गड्डीत होता की नव्हता, हे उजळून दिसावं. नव्हता तर ते घर करडं. होता, तर तो कितव्या चालीला हातात आला आणि कुठे गेला: तेविसाव्या चालीला, उजवीकडच्या नदीकाठी, दोन गुणांसाठी.